राजापूरची खासदारकी डोंबिवलीला गेली

राजापूर लोकसभा मतदारसंघाने तेरा निवडणुका पाहिल्या आणि खासदार पाहिले अवघे चार. १९५७, १९६२ आणि १९६७ या तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै. १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा प्रा. मधू दंडवते. १९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत, आणि १९९६ पासून २००४ पर्यंत चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. मग मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा आदेश १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू झाला आणि राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेलं. विधानसभेला ते अजून आहे. लोकसभेला आता चिपळूणपासून थेट गोव्याच्या सीमेपर्यंत एकच मतदारसंघ आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग.

कोकणात हा विषय निघाला की सूर ठरलेला असतो. आमचे रत्नागिरी आणि राजापूर असे दोन खासदार होते, एक केला. दिल्लीने कोकणाला गृहीत धरलं. नाथ पै असते तर कोणाची हिंमत झाली नसती. पारावर बोलायला हे ठीक आहे. पण जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे आणि त्यानंतर पुन्हा पुनर्रचना येऊ घातली आहे. तेव्हा राजापूर नेमकं कशामुळे गेलं, हे भावना बाजूला ठेवून तपासलं पाहिजे. माझं म्हणणं थोडक्यात असं: राजापूर कोणी हिरावून घेतलं नाही. राजापूरची माणसं मुंबई-ठाण्याला गेली आणि त्यांच्यामागोमाग खासदारकीही तिकडे गेली. पण याचा अर्थ पुढच्या वेळी गप्प बसावं असा होत नाही. कारण पुढच्या पुनर्रचनेत एक ठिकाण असं येणार आहे जिथे नुसत्या बेरजेने निर्णय होणार नाही, आणि तिथे कोकणाला बोलावं लागेल.

आधी मतदारसंघ कसा होता ते बघू. नाव राजापूरचं असलं तरी त्याचा मोठा भाग आजच्या सिंधुदुर्गात होता. देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी हे विधानसभा मतदारसंघ त्यातच येत. राजापूर गाव त्याच्या वरच्या अंगाला. १ मे १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हाच नव्हता, सगळी रत्नागिरीच होती, त्यामुळे नावाचं कोणाला काही वाटलं नाही. मालवणच्या माणसाला आपण राजापूरचे मतदार आहोत हे निकालाच्या दिवशी आकाशवाणीवर ऐकल्यावर आठवायचं, इतकंच.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. जन्म १९२२ चा. बेळगावात शिकले, पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते प्रजा समाजवादी पक्षाकडून निवडून आले आणि लोकसभेत त्यांच्या वक्तृत्वाचा दबदबा झाला. पण नुसतं वक्तृत्व म्हणून त्यांना बाजूला काढता येत नाही. मूलभूत हक्कांत संसदेला दुरुस्ती करता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात दिला, तेव्हा तो अधिकार संसदेला परत द्या असं खासगी विधेयक मांडणारा खासदार राजापूरचा होता. ते विधेयक मंजूर झालं नाही. त्याच मुद्द्यावर सरकारने १९७१ मध्ये चोविसावी घटनादुरुस्ती आणली. नाथ पै ते बघायला नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, बेळगावात त्यांचं निधन झालं. वय अट्ठेचाळीस.

त्यांच्या जागी पक्षाने दिलेला उमेदवार कोकणातला नव्हताच. मधू दंडवते अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. १९७१ ची निवडणूक इंदिरा गांधींच्या लाटेची. देशभरात प्रजा समाजवादी पक्षाच्या दोन जागा आल्या, त्यातली एक राजापूर. पुढे १९८४ ला त्याहून मोठी लाट आली. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या पाचांत बारामतीला शरद पवार, औरंगाबादला साहेबराव डोणगावकर, दक्षिण मध्य मुंबईत दत्ता सामंत, कुलाब्यात (म्हणजे आजच्या रायगडात) शेकापचे दि. बा. पाटील आणि राजापुरात दंडवते. या पाचांतले दोन कोकणातले. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, पाचांपैकी जे दोन मतदारसंघ आज नकाशावर नाहीत ते नेमके हेच दोन: कुलाबा आणि राजापूर. यामागे कट होता असं मी अजिबात म्हणणार नाही. पण लाटेला न जुमानणाऱ्या दोन जागा राज्याच्या नकाशावरून गेल्या, हे नोंदवून ठेवायला हरकत नसावी.

आता ज्या गोष्टीकडे या कौतुकात नेहमी दुर्लक्ष होतं तिकडे येतो. हा मतदारसंघ कधीच एका जागी नव्हता. त्याचा एक पाय लाल मातीत आणि दुसरा गिरणगावात. घरातला कर्ता पुरुष लालबाग-परळला गिरणीत, गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत वळकटी टाकून झोपणारा. गावी म्हातारी, बायको आणि पोरं. महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर. निवडणुकीत गावच्या सभेपेक्षा मुंबईच्या चाळीतल्या ग्राममंडळाच्या बैठकीला जास्त वजन. तिथून चिठ्ठी आली की वाडी त्याप्रमाणे मत टाकायची. अठ्ठ्याहत्तर-ऐंशीच्या आसपास कोकणात मोठ्या झालेल्या कोणालाही विचारा, ती चिठ्ठी काय चीज होती ते सांगेल.

समाजवाद्यांचं राजापूर त्या चाळीवर उभं होतं. गिरणी कामगार चळवळ, संयुक्त महाराष्ट्र, राष्ट्र सेवा दल हे सगळं ज्या माणसांच्या अंगात होतं तीच माणसं गावी चिठ्ठी धाडत होती. १९८२ च्या संपाने ती चाळ मोडली. गिरण्या बंद पडल्या, कामगार संघटना विखुरल्या, आणि त्याच चाळींमध्ये शिवसेनेच्या शाखांनी हातपाय पसरले. चिठ्ठी येत राहिली, फक्त मजकूर बदलला. १९९० ला मालवणमधून शिवसेनेचे नारायण राणे विधानसभेवर गेले. १९९१ ला दंडवते हरले. मतं फुटली आणि जागा काँग्रेसला गेली. १९९६ ला ती शिवसेनेकडे आली आणि मतदारसंघ असेपर्यंत तिच्याकडेच राहिली. राजापुरातला सत्तापालट गावात शोधायला जाल तर सापडणार नाही. तो परळमध्ये झाला.

दंडवत्यांच्या पराभवाची वेळ तर फारच क्रूर. १९७७ ला ते रेल्वेमंत्री झाले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घातला, त्याबद्दल अजून लोक त्यांना दुवा देतात. १९८९ ला ते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. केंद्राच्या अर्थसंकल्पाच्या तोंडाकडे बघत बसलं तर ही रेल्वे कधीच होणार नाही हे ओळखून चार राज्यांचं भागभांडवल आणि बाजारातले रोखे असा पैशाचा मार्ग काढला गेला, ई. श्रीधरन यांच्याकडे काम आलं. वर्षभराच्या आत राजापूरच्या मतदारांनी दंडवत्यांना घरी बसवलं. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला तेव्हा ते माजी खासदार होते.

मला यात मतदारांचा कृतघ्नपणा दिसत नाही, जो पुष्कळांना दिसतो. नाथ पै आणि दंडवते यांच्या मिळून चौतीस वर्षांच्या काळात वाडीतला पोरगा दहावी झाला की बोटीने, नंतर एसटीने, मुंबई गाठत होताच. देशाच्या संसदेत आपला माणूस पहिल्या बाकावर आहे याचा अभिमान खरा, पण गावात हाताला काम नव्हतं हेही तेवढंच खरं. नाथ पैंच्या काळाला सुवर्णकाळ म्हणणाऱ्यांनी त्या काळातल्या मनिऑर्डरींचे आकडे पोस्टात जाऊन बघितले असते तर बरं झालं असतं.

आणि इथेच गणित येतं, जे कोणी करत नाही. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. जागा ४८. म्हणजे एका खासदारामागे साडेदहा लाख माणसं. तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. भागाकार केला तर १.९ येतो, दोन खासदार रास्तच होते. आणीबाणीत झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी १९७१ च्या आकड्यांवर गोठवली, त्यामुळे पुढची तीस वर्षं ते दोन तसेच राहिले. दरम्यान माणसं चालत राहिली. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख, म्हणजे एका खासदारामागे वीस लाखांवर. रत्नागिरी १६ लाख ९७ हजार आणि सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजार, एकूण पंचवीस लाख सहासष्ट हजार. भागाकार १.२७.

पुनर्रचना करणाऱ्या न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगासमोर हा आकडा होता. दुसरीकडे ठाणे जिल्हा ८१ लाखांवर गेलेला, आणि तिथे ठाणे व डहाणू या दोनच जागा. वसईकडचा भाग उत्तर मुंबईला जोडलेला होता तो वजा केला तरी ठाण्यातल्या एका खासदारामागे राजापूरच्या दुपटीहून जास्त माणसं होती. त्याचा सरळ अर्थ असा, की राजापुरातल्या एका मताची किंमत ठाण्यातल्या दोन मतांपेक्षा जास्त होती. हे चालू द्यायचं कोणत्या तोंडाने? मग ठाण्याचे चार झाले: पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे. आणि खालच्या किनाऱ्यावरच्या कुलाबा, रत्नागिरी, राजापूर या तीन जागांच्या दोन झाल्या. दापोली आणि गुहागर रायगडात गेले. पनवेल, कर्जत, उरण यांची मोट घाटापलीकडच्या मावळ आणि पिंपरी-चिंचवडशी बांधली.

आता कल्याण मतदारसंघात राहतं कोण? डोंबिवलीत कोण राहतं, दिव्याला, विरारला, नालासोपाऱ्याला कोण? गणपतीच्या आठवडाभर आधी या गावांतल्या एसटी डेपोंवर उभं राहिलं की उत्तर मिळतं. गिरणगाव सुटल्यावर चाकरमानी जिथे गेला तिथेच खासदारकी गेली. या अर्थाने राजापूरची जागा परक्याकडे गेलेली नाही, ती राजापूरकरांबरोबरच गेली. अन्यायाचा हंबरडा फोडणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही.

पण इथपर्यंत सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते, आणि माझा सगळा जोर तिच्यावर आहे. डोंबिवलीतला देवगडकर मत देतो तो डोंबिवलीकर म्हणून. त्याचे प्रश्न लोकल, पाणी, रस्त्यावरचे खड्डे. त्याने तसंच मत द्यावं, त्यात गैर काही नाही. मात्र देवगडातल्या त्याच्या घरापर्यंत जाणारा रस्ता, पटसंख्या नाही म्हणून बंद होऊ घातलेली शाळा, डॉक्टर नसलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र, संध्याकाळी पाचनंतर नसलेली एसटी, यासाठी भांडणारा खासदार मात्र अर्धा झाला. माणसं गेली म्हणून गावाचं क्षेत्रफळ कमी होत नाही. ओढे तेवढेच राहतात, त्यांच्यावरचे छोटे पूल, म्हणजे साकव, तेवढेच लागतात. उलट शिमगा आणि गणपतीत गाव फुगतं तेव्हाच्या गर्दीला पुरेल एवढी व्यवस्था बारा महिने उभी ठेवावी लागते. जनगणना मोजते ती घरात राहणारी माणसं. तिच्या लेखी कुलूप लावलेलं घर म्हणजे शून्य.

निवडणुकीच्या आधी मतदार चिठ्ठ्या वाटणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर एखाद्या वाडीत फिरून बघा. पहिलं घर बंद, दुसरं बंद, तिसऱ्याच्या ओसरीवर एक म्हातारी. शेजारच्या दोन्ही घरांच्या चिठ्ठ्या तीच घेते, पदराच्या गाठीला बांधते आणि सांगते, "झील मुंबयक, सून मुंबयक, नावां तेवडी हंय." लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तिथला मतदार होता येत नाही, सर्वसाधारणपणे राहता तिथेच नाव पाहिजे, आणि एकाच ठिकाणी पाहिजे. व्यवहारात ती नावं मेमध्ये आंब्यांच्या दिवसांत येणाऱ्या खासगी बसची वाट बघत यादीत पडून असतात. २०२४ चं मतदान ७ मे रोजी होतं. त्या आठवड्यात मुंबईहून किती गाड्या खाली उतरल्या असतील ते कोकणात सांगायला नको. हे कायद्यात बसत नाही हे मान्य, पण जो मतदार गावाशी नातं तोडायला तयार नाही त्याला आपण खोटारडा म्हणायचं की काय म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

यावर कोणी म्हणेल, मग काय, चाकरमान्याला दोन ठिकाणी मोजायचं? नाही. एक माणूस, एक मत, एक किंमत, यात मला तडजोड नको आहे. मी मागतोय ते कायद्यात लिहिलेलंच आहे. परिसीमन (म्हणजे मतदारसंघांची पुनर्रचना) कायदा २००२, कलम ९. मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावेत, आणि ते आखताना भूरचना, प्रशासकीय घटकांच्या हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय लक्षात घ्यावी, असं ते कलम सांगतं. लोकसंख्या शक्य तितकी समान ठेवायची, असंच घटनेचंही म्हणणं आहे. ‘शक्य तितकी’ म्हटलं की थोडं कमी-जास्त धरायला वाव आला. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये याच कारणाने काही बेटांचे मतदारसंघ कायद्याने राखून ठेवलेत आणि कोणताही मतदारसंघ १३ हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठा होऊ नये असा दंडक घातलाय. आपल्याकडे लक्षद्वीपला २०११ मध्ये जेमतेम ६४ हजार वस्ती असूनही खासदार आहे, कारण तिथलं अंतर डोक्यांनी मोजता येत नाही हे सर्वांना पटतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून सव्वातेरा हजार चौरस किलोमीटरपेक्षा जास्त भरतात. त्यात मंडणगडपासून दोडामार्गपर्यंत सतरा तालुके, मध्ये खाड्या, वर सह्याद्री, आणि वर्षानुवर्षं ‘काम चालू’ असलेला मुंबई-गोवा महामार्ग.

मतदारसंघ लांबला की राजकारणाचा पोत बदलतो, हेही सांगितलं पाहिजे. पैसा आणि गाड्यांचा ताफा नसलेला उमेदवार चिपळूण ते सावंतवाडी या पट्ट्यात पोचूच शकत नाही. नगरहून आलेल्या प्राध्यापकाला लाल डब्याच्या एसटीतून फिरून पाच वेळा निवडून येता येईल, अशी जागा आज कोकणात उरलेली नाही. २००८ नंतरच्या चार निवडणुकांत इथून नीलेश राणे, विनायक राऊत दोनदा, आणि २०२४ ला नारायण राणे निवडून आले. कोणाच्या कर्तृत्वाविषयी मला इथे बोलायचं नाही. पण या चारही लढती दोन बलाढ्य यंत्रणांच्या लढती होत्या. २०२४ मध्ये साडेचौदा लाखांच्या आसपास मतदार आणि फरक ४७ हजार ८५८ मतांचा. एवढ्या माणसांपर्यंत पोचायला संघटना लागते किंवा तिजोरी, बहुतेक वेळा दोन्ही. सुरेश प्रभू राजापुरातून चार वेळा जिंकले आणि २००९ ला नव्या, लांबलेल्या मतदारसंघात हरले. पुढे २०१४ ला ते रेल्वेमंत्री झाले ते राज्यसभेतून. म्हणजे राजापूरचे दोन खासदार रेल्वेमंत्री झाले, त्यातला दुसरा तेव्हा, जेव्हा राजापूर उरलंच नव्हतं.

आता पुढचं गणित. २०११ ला महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख. रत्नागिरी १६ लाख १५ हजार, सिंधुदुर्ग ८ लाख ५० हजार. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत चक्क घटली. राज्यात असं झालेला तिसरा जिल्हा फक्त मुंबई शहर. ४८ जागा धरल्या तर दोन्ही जिल्ह्यांचा वाटा १.०५. म्हणजे आहे तो एक खासदार कसाबसा पदरात राहतो आणि राजापूर परत यायचं नाव नाही. विधानसभेला तर जास्त वाईट आहे. सिंधुदुर्गाचे चार आमदार होते ते २००८ ला तीन झाले. २०११ च्या आकड्यांवर वाटा २.१८, म्हणजे दोनच राहायची भीती.

पण लोकसभेच्या एकूण जागा वाढवायच्या ठरल्या तर चित्र बदलतं. नव्या संसद भवनात लोकसभेचं सभागृह ८८८ आसनांचं बांधलंय, ते उगाच नव्हे. समजा प्रत्येक राज्याच्या जागा दीडपट झाल्या. महाराष्ट्राच्या ७२. एका जागेमागे साडेपंधरा लाखांच्या वर. मग रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा वाटा येतो साधारण १.५८. नव्या जनगणनेत हा आकडा आणखी खाली सरकेल असंच धरून चालावं. तरीही तो दीडच्या आगेमागे राहील. इथे बेरीज थांबते आणि विचार सुरू होतो. हे दीड वर ओढून दोन करायचं, की अर्धा तुकडा दुसऱ्याला जोडायचा? जोडायचा तर कोणाला? उत्तरेला रायगडाला, की फोंडा-आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला? पनवेल-उरणचं मावळशी लग्न लावणाऱ्यांना वैभववाडी गगनबावड्याला जोडायला फार वेळ लागणार नाही. दोन करायचे तर प्रत्येक मतदारसंघात सरासरीपेक्षा वीस टक्के माणसं कमी राहतील. कलम ९ मधली भूरचना, दळणवळण आणि लोकसोय ही कारणं ज्या प्रसंगासाठी लिहून ठेवलीत तो प्रसंग याहून वेगळा काय असतो?

दुसरी एक गोष्ट याच पुनर्रचनेला बांधलेली आहे. २०२३ च्या एकशेसहाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा राखल्या, पण अंमलबजावणी पुढची जनगणना आणि पुनर्रचना झाल्यावर. रत्नागिरीत २०११ ला दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. गाव टिकवलं त्यांनी, शेती केली त्यांनी, मतदानाच्या रांगेतही त्याच उभ्या. आणि राजापूरच्या तेरा अधिक रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या चार अशा सतरा निवडणुकांत इथून एकही स्त्री लोकसभेत गेली नाही. प्रमिला दंडवते १९८० ला खासदार झाल्या, पण मुंबईतून. समाजवाद्यांच्या बालेकिल्ल्यालाही हे जमलं नाही, हा त्या सुवर्णकाळाच्या हिशेबातला खर्चाचा रकाना. एकच मतदारसंघ राहिला तर राखीव जागा इथे पडेल की नाही हा चिठ्ठीचा खेळ. दोन झाले तर शक्यता वाढते.

हे सगळं कधी बोलायचं? आदेश निघाल्यावर नव्हे. परिसीमन आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला न्यायालयात आव्हान देणं जवळपास अशक्य, घटनेनेच ते दार लावून घेतलंय. आयोगावर राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून असतात. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. जे काही करायचं ते तिथेच. मागच्या खेपेला बहुतेक पुढारी आपापली जागा वाचवण्यात गुंतले होते. अनंत गीते रत्नागिरीचे खासदार होते, रत्नागिरी तुटल्यावर ते रायगडातून लढले आणि जिंकले. नेता नव्या हद्दीत उडी मारू शकतो, संगमेश्वरला ती सोय नाही.

सुनावणीला जाताना नाथ पैंचे फोटो घेऊन जाऊ नये, आयोगाला त्यांचं काही नाही. सतराही तालुक्यांचा एक संयुक्त अर्ज न्यावा. प्रत्येक तालुक्याच्या शेवटच्या गावापासून खासदाराच्या कार्यालयापर्यंत एसटीने किती तास लागतात, पावसाळ्यात किती साकव पाण्याखाली जातात, कोणत्या खाडीवर पूल नाही म्हणून किती किलोमीटरचा वळसा पडतो, किती शाळा पटसंख्येअभावी बंद झाल्या, सप्टेंबरात गावात किती माणसं असतात आणि मार्चमध्ये किती, हे सगळं ग्रामपंचायतींच्या नोंदींत आणि एसटीच्या आगारांत पडलेलं आहे. ते गोळा करायला जनगणनेचे आकडे येण्याची वाट बघायचं कारण नाही. आणि दुसऱ्या मतदारसंघाला नाव राजापूर द्यायचं, मालवण द्यायचं की आणखी काही, हा वाद दोन झाल्यावर हवा तेवढा घालता येईल.